ज्ञानाचे विश्वस्त : डॉ. एडमंड पेलेग्रिनो

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात एक शब्द आपल्या कानांवर वारंवार पडत आहे. तो शब्द म्हणजे 'विश्वस्त'. विश्वस्ताच्या हाती संपत्ती असते, परंतु ती त्याच्या मालकीची नसते. ज्यांच्या हितासाठी ती ठेवली गेली त्यांच्यासाठीच ती खर्चावयाची, हिशेब चोख ठेवावयाचा आणि यथाकाल ती पुढील पिढीच्या स्वाधीन करावयाची, एवढाच त्याचा अधिकार असतो. जमीन, इमारत, ठेवी यांच्या बाबतीत हा विचार सर्वांच्या परिचयाचा आहे. मनुष्याजवळच्या ज्ञानालाही, विशेषतः वैद्यकाच्या ज्ञानालाही, हाच न्याय लागू होतो, असे आयुष्यभर सांगणारे एक थोर वैद्य अमेरिकेत होऊन गेले. डॉ. एडमंड पेलेग्रिनो हे त्यांचे नाव. त्यांचे जीवनकार्य आणि त्यांचा विचार हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने जैन परंपरेने सांगितली. त्यांतील औषधदानाच्या भावनेने गावोगावच्या समाजसंस्थांनी दवाखाने काढले, रुग्णालयांना देणग्या दिल्या, शिबिरे भरविली. दात्याचे कर्तव्य औषध पोहोचविण्यापर्यंत असते. औषध देणाऱ्या वैद्याचे कर्तव्य कोणते, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि पेलेग्रिनो यांनी आपली सारी विद्वत्ता त्या प्रश्नासाठी वेचली.

जडणघडण

पेलेग्रिनो यांचा जन्म २२ जून १९२० रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथे एका इटालियन वंशाच्या कुटुंबात झाला. कुटुंब श्रद्धाळू कॅथलिक होते आणि ही श्रद्धा त्यांनी अखेरपर्यंत जपली. सेंट जॉन्स विद्यापीठातून १९४१ मध्ये विज्ञानाची पदवी आणि न्यूयॉर्क विद्यापीठातून १९४४ मध्ये एम.डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध बेलव्ह्यू रुग्णालयात त्यांचे प्रशिक्षण झाले. हे सार्वजनिक रुग्णालय होते. तेथील खाटांवर प्रामुख्याने गोरगरीब आणि निराधार रुग्ण असत, आणि अशाच रुग्णांच्या शरीरांवर तरुण डॉक्टरांचे शिक्षण होत असे. या वस्तुस्थितीचा नैतिक अर्थ पेलेग्रिनो यांनी पुढे जसा उलगडून दाखविला, तसा फार थोड्यांनी दाखविला आहे. काही काळ त्यांनी क्षयरोग रुग्णालयातही काम केले.

शस्त्रक्रियेवाचून, निदान आणि औषधोपचार यांच्या बळावर प्रौढांचे रोग हाताळणाऱ्या शाखेला आपल्याकडे नुसते 'मेडिसिन' म्हणतात व तिच्या तज्ज्ञाला 'फिजिशियन'. पेलेग्रिनो हे या शाखेचे होते. मूत्रपिंडाचे कार्य आणि हाडांतील खनिजांची रचना यांवर त्यांनी प्रयोगशाळेत संशोधन केले. नीतीविषयी बोलणारा मनुष्य शास्त्रात कच्चा असतो, असा एक समज असतो. त्यांच्या बाबतीत त्या समजाला जागा नव्हती.

ग्रामीण रुग्णालय ते विद्यापीठ

१९५३ साली न्यू जर्सीतील फ्लेमिंग्टन या ग्रामीण परिसरात हंटरडन मेडिकल सेंटर सुरू झाले. तेथे मेडिसिन विभागाचे प्रमुख आणि पुढे वैद्यकीय संचालक म्हणून पेलेग्रिनो यांनी काम पाहिले. या रुग्णालयाची योजना त्या काळी अभिनव मानली गेली. गावातील कुटुंबाचा नेहमीचा डॉक्टर आपल्या रुग्णाला येथे दाखल करी, पूर्णवेळ नेमलेले विशेषज्ञ त्याला साहाय्य करीत, आणि रुग्ण बरा होऊन घरी परतला की त्याची काळजी पुन्हा त्याच घरच्या डॉक्टरकडे जाई. विद्यापीठाचे शास्त्र आणि खेड्यातील जिव्हाळा यांची सांगड तेथे घातली गेली.

१९५९ मध्ये केंटकी विद्यापीठाने लेक्सिंग्टन येथे नवे वैद्यकीय महाविद्यालय उभारण्याचे काम हाती घेतले आणि मेडिसिन विभागाचे पहिले प्रमुख म्हणून पेलेग्रिनो यांना पाचारण केले. १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथे त्यांनी संपूर्ण आरोग्यविज्ञान संकुल उभे करण्याची जबाबदारी स्वीकारली. वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या आणि समाजकार्य यांचे विद्यार्थी एकाच आवारात शिकावेत, ही त्यामागची दृष्टी होती. त्यानंतर १९७३ पासून टेनेसी विद्यापीठात, १९७५ पासून येल-न्यू हेवन वैद्यकीय केंद्राचे अध्यक्ष म्हणून आणि १९७८ ते १९८२ या काळात वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी धुरा वाहिली.

इतकी पदे भूषविल्यानंतर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ते विद्यापीठाचे अध्यक्षपद सोडून जॉर्जटाउन विद्यापीठात आले आणि मेडिसिन व वैद्यकीय नीतिशास्त्र या दोन्ही विषयांचे प्राध्यापक झाले. एकाच व्यक्तीकडे असलेल्या या जोड विषयांतच त्यांची भूमिका सामावलेली आहे. नीतिशास्त्र हा रुग्णशय्येपासून दूर, वातानुकूलित सभागृहात चर्चिण्याचा विषय आहे, हे त्यांना मान्य नव्हते. वॉर्डात फेरी चालू असताना, रुग्णाची नाडी आणि तपासण्यांचे अहवाल पाहतानाच, 'याच्यासाठी योग्य काय' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९८३ ते १९८९ या काळात ते तेथील केनेडी इन्स्टिट्यूट ऑफ एथिक्सचे संचालक होते. १९९१ मध्ये त्यांनी जॉर्जटाउन येथेच चिकित्सालयीन नीतिशास्त्राचे केंद्र स्थापन केले. आज ते केंद्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

प्रश्नांचा काळ

हे सारे का आवश्यक होते, हे समजण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी डॉक्टरांवर न्यूरेंबर्ग येथे खटला चालला. मनुष्यावर प्रयोग करावयाचा तर त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे तत्त्व १९४७ मध्ये तेथे सांगितले गेले. हे पाप आपल्या देशातले नाही, अशी समजूत अमेरिकेतील वैद्यकविश्वाने करून घेतली. १९६६ मध्ये हार्वर्डचे डॉ. हेन्री बीचर यांनी एका प्रतिष्ठित नियतकालिकात बावीस उदाहरणे देऊन दाखविले, की नामवंत संस्थांमधूनही रुग्णांना पुरेशी कल्पना न देता त्यांच्यावर धोक्याचे प्रयोग होत होते.

१९७२ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील प्रकरण वृत्तपत्रांतून उघडकीस आले. तेथे १९३२ पासून सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण चालू होते. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश हा रोग होता. पेनिसिलिन हे गुणकारी औषध उपलब्ध झाल्यानंतरही, रोगाचा नैसर्गिक प्रवास पाहावयाचा म्हणून, त्यांना ते दिले गेले नाही. हे काम सरकारी आरोग्य खात्याचे होते आणि करणारे पदवीधर डॉक्टर होते.

या धक्क्यांतून आधुनिक वैद्यकीय नीतिशास्त्राचा उदय झाला. १९७९ मध्ये बोशँप व चिल्ड्रेस या विद्वानांनी चार तत्त्वे मांडली : रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर, अपाय न करणे, हित करणे आणि न्याय. ही चौकट जगभर स्वीकारली गेली. पेलेग्रिनो यांनी तिचे महत्त्व मान्य केले, परंतु एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला. नियम कितीही उत्तम असले तरी ते पाळणारा मनुष्य कसा आहे? बंद दाराआड, कोणी पाहत नसताना, असहाय रुग्णासमोर उभा असलेला डॉक्टर नियमाचा अर्थ आपल्या सोयीने लावणार नाही, याची शाश्वती कोण देणार? ती शाश्वती केवळ त्याचे चारित्र्यच देऊ शकते. डेव्हिड थॉमस्मा या तत्त्वज्ञ सहकाऱ्यासह १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी वैद्याच्या अंगी असावयाच्या गुणांचा सविस्तर विचार केला. विश्वासाशी निष्ठा, करुणा, विवेक, न्यायबुद्धी, धैर्य, संयम, सचोटी आणि स्वतःचा स्वार्थ मागे ठेवण्याची वृत्ती हे ते गुण होत.

नीतीचा पाया शोधताना पेलेग्रिनो आजारपणाच्या अनुभवापासून आरंभ करतात. आजारी मनुष्य भयभीत असतो. आपल्या शरीरात काय चालले आहे ते त्याला ठाऊक नसते, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्या दाराशी जाण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. कपडे उतरविणे, गुपिते उघड करणे, शरीरावर शस्त्र चालवू देणे, या गोष्टी तो एका परक्या माणसाला करू देतो. अशा वेळी डॉक्टर त्याला विचारतो, 'काय होते आहे?' पेलेग्रिनो यांच्या मते हा प्रश्न विचारताक्षणीच डॉक्टर एक वचन देतो : 'तुझे दुखणे समजण्याचे ज्ञान मजजवळ आहे आणि ते मी तुझ्या हितासाठी वापरीन.' इंग्रजीतील 'प्रोफेशन' या शब्दाचे लॅटिन मूळही जाहीरपणे वचन उच्चारणे असेच आहे. व्यवसायाचा हा मूळ अर्थ आपण विसरलो आणि त्याचा अर्थ केवळ उपजीविका असा करून बसलो.

ज्ञान कोणाचे?

१९८०च्या दशकात एड्स हा रोग नव्याने उद्भवला होता. औषध नव्हते आणि भीती अपार होती. काही डॉक्टर उघडपणे म्हणू लागले की, अशा रुग्णाला हात लावावयाचा की नाही हे ठरविण्याचे स्वातंत्र्य आम्हाला आहे. दुकानदाराला जसे गिऱ्हाईक नाकारता येते तसेच आम्हालाही येते. १९८७ मध्ये पेलेग्रिनो यांनी या मताचा प्रतिवाद केला.

त्यांचा युक्तिवाद असा. कोणत्याही डॉक्टरने आपले ज्ञान एकट्याच्या बळावर मिळविलेले नसते. शवविच्छेदन हे एरवी निषिद्ध कृत्य. समाजाने वैद्यकाच्या विद्यार्थ्याला त्याची मुभा दिली. रुग्णालयातील गरीब स्त्री-पुरुषांनी आपली शरीरे तपासू दिली. नवशिक्या हातांनी टोचलेल्या सुया सोसल्या, अननुभवी डोळ्यांनी केलेल्या चुका सोसल्या. पूर्वीच्या असंख्य रुग्णांच्या वेदनांतून, त्यांच्या मृत्यूतूनही, जे शिकले गेले ते ग्रंथांत उतरले. शिक्षणावर समाजाचा पैसा खर्च झाला. शुल्क भरले म्हणून हे ज्ञान खासगी मालमत्ता होत नाही. पुढील रुग्णांच्या उपयोगी पडावे या अटीवर समाजाने ती ठेव डॉक्टरच्या हाती दिलेली आहे. ज्याने ठेव स्वीकारली त्याने, धोका आहे म्हणून, ठेवीचा खरा मालक दाराशी आल्यावर पाठ फिरविणे हा विश्वासघात होय.

श्रोतेहो, संस्थेच्या पैशाचा हिशेब विचारण्याची आपल्याला सवय आहे. ज्ञानाचा हिशेब विचारावयाचा असतो, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. या एका विचारातून पेलेग्रिनो यांनी तीन अत्यंत व्यावहारिक प्रश्नांची उत्तरे शोधली. तिन्ही प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरापर्यंत येऊन पोहोचलेले आहेत.

पहिला प्रश्न : पैसा आणि निर्णय

१९८६ मधील एका लेखात त्यांनी डॉक्टरला द्वारपालाची उपमा दिली. कोणती तपासणी करावयाची, कोणते औषध द्यावयाचे, रुग्णालयात दाखल करावयाचे की नाही, या सर्वांचे दार डॉक्टरच्या हाती असते. अनावश्यक तपासणी टाळणारा डॉक्टर खर्च वाचवितो आणि रुग्णाचा त्रासही वाचवितो. ही द्वारपालकी त्याचे कर्तव्यच आहे. मात्र कमी उपचार केल्याबद्दल विमा कंपनी त्याला बक्षीस देऊ लागली, तर दार बंद ठेवण्यात त्याचा स्वार्थ निर्माण होतो. याउलट, जास्त तपासण्या आणि जास्त शस्त्रक्रिया केल्याने त्याचे उत्पन्न वाढणार असेल, तर दार सताड उघडे ठेवण्यात त्याचा स्वार्थ असतो. दोन्ही प्रकारांत रुग्णाचे हित दुय्यम ठरते.

आपल्या परिसरात 'कट प्रॅक्टिस' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रुग्ण पाठविल्याबद्दल किंवा तपासणी लिहून दिल्याबद्दल घेतले जाणारे कमिशन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध ठरविले होते. नियम असूनही व्यवहार चालतो, तेव्हा उणीव नियमाची नसते, हे पेलेग्रिनो यांचे म्हणणे येथे पटते. विश्वस्ताने संस्थेची जागा भाड्याने देऊन स्वतः दलाली घेतली तर समाज त्याला क्षमा करीत नाही. ज्ञानाच्या विश्वस्ताला वेगळी फूटपट्टी का लावावी?

डॉक्टरने पैसा मिळवू नये, असे पेलेग्रिनो यांनी कधीही म्हटले नाही. श्रमाचे योग्य मोल मिळावे, हे त्यांना मान्यच होते. १९९९ मध्ये त्यांनी इशारा दिला तो वेगळा होता. आरोग्यसेवा ही बाजारातील वस्तू मानली, की विक्रेता व गिऱ्हाईक हे नाते येते. बाजारात गिऱ्हाइकाने सावध राहावयाचे असते. तापाने फणफणलेल्या, छातीत कळ आलेल्या मनुष्याकडून कोणती सावधगिरी अपेक्षावयाची? ज्याला घासाघीस करण्याचे त्राण नाही, त्याच्याशी सौदा होऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न : सत्य सांगावे की झाकावे

'डॉक्टर, त्यांना काही सांगू नका,' हे वाक्य आपल्याकडील प्रत्येक रुग्णालयाच्या ओसरीत ऐकू येते. वडिलांना कर्करोग असल्याचे मुलगा, सून, भाऊ, जावई सर्वांना ठाऊक असते; ठाऊक नसते ते केवळ वडिलांना. हे आपलेच वैशिष्ट्य आहे असे वाटते, पण इटलीतही दीर्घकाळ हीच रीत होती. १९९२ मध्ये एका इटालियन कर्करोगतज्ज्ञ महिलेने अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी लिहिले, आणि त्याच अंकात पेलेग्रिनो यांनी त्यावर विवेचन केले. ते स्वतः इटालियन वंशाचे असल्याने दोन्ही संस्कृतींची जाण त्यांच्या लेखनाला लाभली होती.

त्यांनी दोन्ही टोके टाळली. सत्य जाणून घेण्याचा आणि आपल्या आयुष्याविषयी निर्णय करण्याचा अधिकार प्रत्येक मनुष्याला मनुष्य म्हणूनच आहे. एखाद्या देशाच्या चालीरीतीमुळे तो नाहीसा होत नाही. परंतु सत्य देणे आणि सत्य लादणे यांत अंतर आहे. जो रुग्ण स्वतःहून 'माझ्या मुलाशी बोला, मला तपशील नको' असे म्हणतो, तोही आपला अधिकारच बजावीत असतो. त्याच्या डोक्यावर निदानाचा घण घालणे म्हणजे स्वायत्ततेचा आदर नव्हे. ते क्रौर्य होय. म्हणून डॉक्टरने आधी रुग्णालाच हळुवारपणे विचारावे : आपल्याला किती जाणून घ्यावयाचे आहे? कोणाच्या समक्ष? की आपल्या वतीने दुसऱ्या कोणाशी बोलावे?

विश्वस्ताच्या दृष्टीने पाहिले तर हे अगदी सरळ आहे. रुग्णाच्या शरीराविषयीची माहिती ही मूलतः रुग्णाची ठेव. ती कोणाला द्यावयाची हे ठेवीदाराने ठरवावयाचे. नातेवाईक प्रेमापोटी ती अडवून धरतात, हे खरे. पण त्यामुळे अनेक वडीलधारी माणसे निरवानिरव न करता, मनातले न बोलता, क्षमा न मागता व न देता निघून जातात. क्षमापनेचे महत्त्व ज्या समाजाला लहानपणापासून शिकविले जाते, त्याला ही हानी किती मोठी आहे हे वेगळे सांगावयास नको.

तिसरा प्रश्न : अतिदक्षता विभागाच्या दाराशी

श्वास देणारे यंत्र, रक्त शुद्ध करणारे यंत्र, नळीवाटे अन्न, ही साधने आली आणि मृत्यू लांबविता येऊ लागला. १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरेन क्विनलन या बेशुद्धावस्थेतील तरुणीच्या प्रकरणात श्वसनयंत्र काढून घेण्याची वाट मोकळी केली आणि हा प्रश्न जगासमोर आला. कोणता उपचार व्यर्थ समजावयाचा? हे कोणी ठरवावयाचे?

पेलेग्रिनो यांनी येथे तीन गोष्टींचा तोल सुचविला. पहिली परिणामकारकता : या उपचाराने रोगाच्या गतीत काही फरक पडेल का? हे शास्त्राने, म्हणजे डॉक्टरने सांगावयाचे. दुसरी लाभ : जो फरक पडेल तो रुग्णाला मोलाचा वाटतो का? हे रुग्णाने किंवा त्याचे मन जाणणाऱ्या आप्ताने सांगावयाचे. तिसरी भार : वेदना, एकाकीपणा, खर्च, कुटुंबाची ओढाताण. हे दोघांनी मिळून तोलावयाचे.

उदाहरणार्थ, सर्वांगात कर्करोग पसरलेल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांना न्यूमोनिया झाला आहे अशी कल्पना करू. प्रतिजैविक औषधाने न्यूमोनिया बरा होईल, म्हणजे ते परिणामकारक आहे. नात परगावाहून येईपर्यंत चार दिवस मिळावेत अशी त्यांची इच्छा असेल, तर लाभही आहे आणि भार अल्प आहे, औषध द्यावे. पुढे श्वसनयंत्राची वेळ आली आणि त्यांनी पूर्वीच 'यंत्रावर ठेवू नका' असे सांगितले असेल, तर यंत्र काही दिवस श्वास चालवील, पण लाभ शून्य आणि भार मोठा. अशा वेळी यंत्र न लावणे म्हणजे रुग्णाला टाकून देणे नव्हे. वेदना शमविणे, ओठ ओले करणे, जवळ बसणे ही सेवा चालूच राहते. पेलेग्रिनो यांनी एक सीमारेषा मात्र कधीही ओलांडू दिली नाही. निष्फळ उपचार थांबविणे त्यांना मान्य होते. डॉक्टरने हेतुपुरस्सर प्राण घेणे त्यांना सर्वथा अमान्य होते. नाझी राजवटीतील डॉक्टरांचा अभ्यास करून १९९७ मध्ये त्यांनी लिहिले, त्याचा आशय असा होता की वैद्यक एकदा राज्यसत्तेचे वा अन्य कोणाच्या प्रयोजनाचे हत्यार बनले, की त्याला आवर घालणारे काही उरत नाही.

भारतातही सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून, अखेरच्या आजारातील उपचारांविषयी आगाऊ लेखी इच्छा नोंदविण्याची तरतूद केली. २४ जानेवारी २०२३ रोजी तिची कार्यपद्धती सोपी करण्यात आली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांसह, असा दस्तऐवज करता येतो. मृत्युपत्र करणाऱ्या कुटुंबांतूनही या दस्तऐवजाविषयी फारशी चर्चा होत नाही. ती शुद्धीत असताना आणि घरातच व्हावयास हवी, हे पेलेग्रिनो यांच्या विचारातून सहज निघते.

मतभेद आणि मर्यादा

पेलेग्रिनो यांच्यावर टीकाही झाली. रुग्णाचे हित हा केंद्रबिंदू मानला की 'तुझे हित मला कळते' असे म्हणणारा डॉक्टर मागच्या दाराने परत येतो, हा एक आक्षेप. त्याला उत्तर देताना त्यांनी व थॉमस्मा यांनी हिताचे चार स्तर सांगितले. औषधाने साधणारे शारीरिक हित हा केवळ पहिला स्तर. रुग्णाला स्वतःला काय मोलाचे वाटते हा दुसरा. मनुष्य म्हणून त्याची प्रतिष्ठा हा तिसरा. आणि त्याची आध्यात्मिक श्रद्धा हा चौथा. वरच्या स्तरांना पायदळी तुडवून पहिला स्तर साधणे हे हित ठरत नाही.

दुसरा आक्षेप त्यांच्या धर्मश्रद्धेविषयी होता. गर्भपात, गर्भपेशींचे संशोधन इत्यादी विषयांवरील त्यांची मते कॅथलिक शिकवणुकीला अनुसरून होती आणि अनेक विद्वानांना ती मान्य नव्हती. २००५ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या जैवनीती परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २००९ पर्यंत चाललेल्या त्या कामात परस्परविरोधी मतांचे विद्वान त्यांच्यासमवेत बसले. मानवी प्रतिष्ठा या विषयावर परिषदेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात एकमेकांचे खंडन करणारे निबंध शेजारी शेजारी छापलेले आहेत. आपल्या निष्ठा न लपविता दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची ही रीत अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्यांना परकी वाटू नये.

समारोप

१३ जून २०१३ रोजी, त्र्याण्णवावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, डॉ. पेलेग्रिनो यांचे निधन झाले. वीसहून अधिक पुस्तके आणि सुमारे सहाशे लेख त्यांच्या नावावर आहेत. १९७६ मध्ये वैद्यक आणि तत्त्वज्ञान यांना वाहिलेले जे नियतकालिक त्यांनी सुरू केले, ते आजही प्रसिद्ध होते. १९७०च्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत जाऊन साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय अभ्यासक्रमात यावेत म्हणून प्रयत्न केले. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांच्या शिक्षणाला स्वतंत्र स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि हे काम एकट्या महाविद्यालयांचे नाही. समाजसंस्था विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतात, त्यांतून डॉक्टर घडतात. शिष्यवृत्ती देताना गुणपत्रिका पाहिली जाते. त्याच वेळी त्या मुलाला किंवा मुलीला एवढे जरूर सांगावे, की तुझ्या हाती येणारे ज्ञान ही अनेकांनी सोसून जमविलेली ठेव आहे आणि ती ज्याची आहे तो उद्या तापाने कण्हत तुझ्या दाराशी येईल. दवाखाना चालविणाऱ्या संस्थांनी औषधांच्या साठ्याबरोबर हेही तपासावे, की आपल्या दाराशी आलेल्या रुग्णाला कोणी नीट समजावून सांगते का, त्याला काय हवे ते विचारते का, आणि त्याला पुढे पाठविताना कोणाचा लाभ पाहिला जातो. ही तपासणी दरवर्षीच्या लेखापरीक्षणाइतकीच नियमितपणे व्हावी.

औषधदानाची परंपरा या समाजाने निष्ठेने चालविली आहे. भयभीत रुग्णाला जेव्हा खात्री वाटते की समोरचा वैद्य आपला विश्वासघात करणार नाही, तेव्हा त्या औषधदानातच अभयदानही घडते. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेच्या कार्याला ही दिशा लाभो, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!